ताटातले मोबाईल

सातारच्या एका मोटारींच्या शोरूममध्ये मी एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या आवाजात बोललो. हे वाचून कुणाला वाटेल की मी नाटकात वगैरे होतो. नाही हो. मी फायनान्सच्या टेबलावर होतो.

संपादकबाईंनी फोनवर बजावलं होतं, ‘काका, शोरूममधल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं.’ गमती पुष्कळ आहेत. कोरेगावच्या एका गड्यानं नवीकोरी गाडी दारातून न नेता गोठ्याची भिंत फोडून आत नेली आणि दुसऱ्या दिवशी येऊन मलाच विचारलं, ‘आवं, ही पॉलिसी भितीला बी लागू हाय का?’ असल्या वीसपंचवीस सांगता येतील. पण कागद पुढं ओढला की एकच गोष्ट आडवी येते. ती सांगितल्याशिवाय बाकीच्या सुटणार नाहीत, म्हणून तीच सांगतो.

आधी धंदा समजून घ्या. गाडी घेणारे बहुतेक लोक कर्जावर घेतात. कर्ज देणारी कंपनी असते लांब शहरात, आणि शोरूममधल्या काचेच्या खोलीत बसून तिचे कागद भरायचे, सह्या घ्यायच्या, हे माझं काम. यात वाईट काही नाही. वाईट होतं ते कर्जाला चिकटवलेल्या विम्यात. कर्जदार मध्येच गेला तर उरलेलं कर्ज विमा कंपनी फेडणार, असा तो विमा. वस्तू चांगली आहे, घेणाऱ्याला सांगून दिली तर. आम्ही सांगत नव्हतो. त्याचा हप्ता गुपचूप कर्जात मिसळून टाकायचा. गिऱ्हाईकाला वाटायचं, गाडीच तेवढ्याला पडली. प्रत्येक विम्यामागं शोरूमला वाटा होता आणि त्यातली चिमूट मला होती.

आता तुम्ही म्हणाल, लोक वाचल्याशिवाय सह्या कशा करायचे? करायचे, कारण मुहूर्त. आपल्याकडं गाडी बाहेर काढायची ती गुरुजींनी काढून दिलेल्या वेळेला. दसऱ्याला तर शोरूमच्या अंगणात रांग लागायची. चाकाखाली लिंबं ठेवलेली, बॉनेटला झेंडूची माळ, बायकामाणसं औक्षणाचं ताट घेऊन उभी. आत मी चाळीस पानांचा गठ्ठा पुढं सरकवायचो आणि म्हणायचो, ‘दादा, वाचा की निवांत. फक्त मुहूर्त टळेल, तेवढं बघा.’ एवढ्या एका वाक्यानं भल्याभल्यांचं पेन पळायला लागायचं. मुहूर्त टळला आणि पुढं गाडीला काही झालं, तर घरची मंडळी जन्मभर ऐकवणार, ही भीती कर्जाच्या भीतीपेक्षा मोठी असायची.

सह्या झाल्या तरी एक अडचण उरायची. विमा कंपनीतून गिऱ्हाईकाच्या मोबाईलवर फोन यायचा, आणि तो रेकॉर्ड व्हायचा. पलीकडची मुलगी विचारायची, नाव काय, जन्मतारीख काय, कर्जाबरोबरचा विमा मान्य आहे का, काही मोठा आजार आहे का. तिथं माणसानं ‘कसला विमा?’ असं विचारलं की सगळं मुसळ केरात. त्यावर मी तोड काढली होती. टेबलावर एक स्टीलचं मोठं ताट ठेवलं. गिऱ्हाईक नारळ फोडायला निघालं की सांगायचं, ‘मोबाईल इथं ठेवून जावा, पूजेत वाजला तर बरं दिसत नाही. कुणाचा आला तर मी बघतो.’ लोक आभार मानून ठेवून जायचे.

आणि मी बघायचो. शाळेत असल्यापासून मला नकला येतात. मेढ्याकडचा माणूस कसा शब्द ओढतो, मिरजेकडच्या बोलण्यात कानडी हेल कसा येतो, फौजी माणूस मध्येच हिंदी कसा पेरतो, सगळं घशात तयार. ताटातला मोबाईल वाजला की फॉर्मवरचं गाव बघायचं आणि त्या गावचा माणूस व्हायचं. दसऱ्याच्या एका तासात मी सातसात माणसं व्हायचो. शोरूममधले पोरगे दाराशी उभे राहून तोंड दाबून हसायचे. मलाही त्याचा गर्व होता, कशाला खोटं सांगू.

हे सगळं ओळखणारा एकच माणूस मला भेटला, तो सांगलीत. आमच्याच शोरूमच्या तिथल्या शाखेत मी मध्ये चार वर्षं होतो. बेदाण्याचे व्यापारी होते, जैन, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. दुपारी तीनला आले आणि गठ्ठा पहिल्या पानापासून वाचायला लागले. आम्ही गालातल्या गालात हसलो, कारण अण्णा दिवस मावळायच्या आत जेवणारे. म्हटलं, ऊन उतरलं की आपोआप सह्या करतील. ऊन उतरलं तसे अण्णा उठले, वाचलेल्या पानात माझीच पट्टी खूण म्हणून घातली आणि म्हणाले, ‘जेवून झोपतो. उद्या येतो. गाडी काय कुठं पळून जात नाही.’ दुसऱ्या दिवशी आले, उरलेलं वाचलं, विमा खोडला. मोबाईल ताटात ठेवा म्हटलं तर ठेवला नाही. टेबलाच्या पलीकडून तोवर त्यांनी मला दोन फोन घेताना पाहिलं होतं. किल्ली घेताना हळूच म्हणाले, ‘तुम्ही लय जणांच्या तोंडानं बोलताय. जपा. एखाद्या दिवशी आपलं तोंड सापडायचं नाही.’ तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

निवृत्त झाल्यावर मी काय करावं? साताऱ्यात बसस्टँडजवळ काही मंडळी ग्राहकांना तक्रारी लिहून देण्याचं केंद्र चालवतात, तिथं जाऊन बसायला लागलो. वाहनकर्जाच्या तक्रारी सगळ्या माझ्याकडं. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. कुठल्या पानावर काय लपवलेलं असतं ते मला न बघता सांगता यायचं. लोक म्हणायचे, काका किती पोटतिडकीनं करतात. मी मान खाली घालून लिहीत राहायचो.

तिथं एक दिवस शालनताई आल्या. कोयनानगरच्या अलीकडं डोंगराच्या अंगाला त्यांचं गाव. पन्नाशीच्या बाई, नीटनेटक्या, बोलायला मोजक्या. नवरा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. आपल्याकडं फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात, तसे तेही मेजर. पेन्शनीच्या जोडीला त्यांनी कर्जावर सातआठ माणसांची गाडी घेतली आणि कोयनानगर ते पाटण शिक्षक, नर्सबाया, बाजारकरू अशी भरून न्यायला लागले. सव्वा वर्षात हृदयविकारानं गेले. कर्ज उरलं. कागदात विमा निघाला, बाईंना बरं वाटलं. पण विमा कंपनीनं नकार दिला, कारण मेजरच्या छातीत आधीच स्टेंट बसवलेला होता आणि त्यांनी तो लपवला.

‘त्यांनी लपवला न्हाई,’ शालनताई म्हणाल्या. ‘शोरूमच्या आतल्या माणसाला सांगितलं हुतं. हे लिवायचं का, म्हणून इचारलं हुतं. त्यो म्हणाला, गरज न्हाई. मग आमच्या मालकांनी तो म्हणंल तिथं सह्या केल्या. फौजेत सही इचारून करत न्हाईत.’

मी कागद चाळले. शोरूमचं नाव माझ्याच शोरूमचं.  पण तिथं फायनान्सच्या टेबलावर आम्ही तिघं होतो, फॉर्म कॉम्प्युटरवरचा, अक्षर कुणाचं ते कळायची सोय नाही. कुणाचा असेल तो असेल, असं म्हणून मी पान उलटलं.

‘कर्ज माफ होईल आणि गाडी राहील, असं बघूया,’ मी म्हणालो.

‘गाडी गेली तर जाऊ दे, भाऊ. हे बघा.’ त्यांनी विमा कंपनीचं पत्र पुढं केलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ग्राहकानं खोटी माहिती दिली, असं तिथं छापलं होतं. ‘बांधावरनं भांडणं झाली तर गाव ह्यांचा शबूद मानायचं. ह्यांनी हाय म्हटलं की हाय, न्हाई म्हटलं की न्हाई. गेल्यावर तालमीत फोटू लावणार हुते. ह्या पत्राची बोलवा झाली आन् फोटू राहिला. आता लोकं म्हणत्यात, मेजरबी पैशापायी खोटं बोलला. मला एवढी वळ पुसून द्या.’

मग त्यांनी आणखी एक सांगितलं. विमा कंपनीकडं मेजरचं रेकॉर्डिंग आहे. ऑफिसातल्या साहेबानं आपल्या मोबाईलवर एकदा ऐकवलं. त्यात माणूस म्हणतो, मला काही आजार नाही. ‘नाव ह्यांचंच सांगतंय. जन्मतारीख बी बरोबर. आमच्याकडचीच बोली. पर ते आमचं मालक न्हाईत.’ त्या थांबल्या. ‘मग कोण हाय त्यो?’

 फोन रेकॉर्ड होतो हे मला माहीत होतं. पण ती रेकॉर्डिंगं कुठंतरी सांभाळून ठेवलेली असतील आणि एक दिवस बोलायला लागतील, असं कधी मनात आलं नव्हतं.

कागद पुरे करायला मी त्यांच्या गावी गेलो. दिवसाढवळ्या अकराची वेळ, पण धुकं असं की घाटात समोरची गाडी अंगावर आल्यावरच दिसायची. घर डांबरी रस्त्याच्या कडेला. शेडात ती गाडी उभी, ताडपत्री घातलेली. फक्त पुढची नंबरप्लेट उघडी होती. सोप्यात मेजरचा गणवेशातला फोटो, आणि फोटोपुढं फळीवर त्यांचा मोबाईल चार्जिंगला लावलेला. मी पाटावर बसलो, ताई चहा ठेवायला आत गेल्या.

तेवढ्यात तो मोबाईल वाजला. वाजून वाजून आपोआप उचलला गेला, तशी काहीतरी सोय करून ठेवली असावी. एक गोड बाई रेकॉर्डवरून बोलायला लागली. मेजरचं पूर्ण नाव घेऊन म्हणाली, आपल्याला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, आपल्यासारखे ग्राहक हेच आमचं कुटुंब. मग गप्प झाली.

‘कर्जाच्या कंपनीचा हाय,’ ताई आतून म्हणाल्या. ‘हप्त्याचा बी येतोय दर म्हैन्याला. मी न्हाई घेत. त्यांच्या नावचा हाय, त्यांच्याम्होरं वाजू दे.’

मी फोटोकडं बघायचं टाळलं. पाटावर बोटं वाजवत बसलो. विचारात असलो की मी बोटं वाजवतो, तीनतीनदा, जुनी खोड आहे. ताई कपबशी घेऊन दाराशी आल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. माझ्या हाताकडं बघत होत्या. मला वाटलं, पाट ओला वगैरे आहे की काय.

आणि जमीन हलली. कोयनेच्या लोकांना त्याचं काही नाही, पण मी सातारचा माणूस, पाट दोन्ही हातांनी धरून बसलो. मांडणीवरची भांडी एकमेकांवर किणकिणली, कपातला चहा बशीत आला. ताईंनी एका हातानं भिंतीवरचा फोटो दाबून धरला, सवयीनं, पदर सावरावा तसा. त्याच वेळी शेडातून हॉर्न सुरू झाला. ताडपत्रीखाली ती गाडी एकटीच ओरडत होती. धक्क्यानं अलार्म वाजतो हे मला, एकवीस वर्षं गाड्या विकलेल्या माणसाला, माहीत नव्हतं का? तरी मी उठून उभा राहिलो.

‘वरडंल जरा आन् गप बसंल,’ ताई म्हणाल्या. ‘चा घ्या.’ मग जरा वेळानं विचारलं, ‘भाऊ, तुमी आदी कुठं नोकरीला हुता?’

‘खाजगीत,’ मी म्हणालो.

जिल्हा ग्राहक आयोगात आम्ही तक्रार लावली. विमा कंपनीनं उत्तरासोबत ते रेकॉर्डिंग दाखल केलं. तारखेच्या दिवशी त्यांचे वकील छोटे स्पीकर घेऊन आले. दुपारची वेळ, पंखा घरघरत होता, मागच्या बाकांवर दुसऱ्या तक्रारींची पाचसहा माणसं पेंगत होती. वकिलांनी बटण दाबलं.

मुलीनं नाव विचारलं. एका पुरुषानं मेजरचं नाव सांगितलं. पाटणकडचा हेल, मध्ये ‘हां जी मॅडम’ अशी फौजी फोडणी. मी ऐकतोय आणि मनात म्हणतोय, बोलतोय मात्र अस्सल हं. खरंच सांगतो, मी ओळखलं नाही. स्वतःच्या डोक्यात घुमणारा आवाज वेगळा आणि बाहेरून ऐकू येणारा वेगळा.

‘आपल्याला हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब असा काही आजार आहे का सर?’

उत्तर यायच्या आधी माझ्या उजव्या हाताची बोटं माझ्या समोरच्या बाकावर वाजली. टक, टक, टक. आणि त्याच्या पाठोपाठ स्पीकरमधून आवाज आला. टक, टक, टक.

‘न्हाई मॅडम. काय आजार न्हाई. तब्येत एकदम खणखणीत.’

 माझा हात आधीच सगळं जाणून होता, मला नंतर कळलं. तो दसरा लख्ख समोर आला. ताट, झेंडूचा वास, टेबलाच्या पलीकडं ताठ बसलेला, मिशीत पांढरं आलेला माणूस आणि त्याचं वाक्य, ‘साहेब, छातीत स्टेंट हाय, लिवायचं का?’ आणि मी घड्याळाकडं बघत ‘गरज नाही’ म्हणून हलवलेला हात.

रेकॉर्डिंग चालूच होतं. मुलगी पुढची ओळ वाचत होती, आणि तिच्या वाचण्याच्या मागं, लांबून, शोरूमच्या अंगणातली घंटा वाजली. नारळ फुटला. मग एक दुसराच पुरुष, उघड्यावर बोलावं तसं मोकळं बोलला, ‘शालन, तू म्होरं बस गं.’

शेजारी बसलेल्या शालनताईंच्या तोंडून श्वास सुटल्यासारखा आवाज आला. त्या उठून उभ्या राहिल्या. ‘हे,’ त्या म्हणाल्या. ‘हे आमचं मालक. पुन्ना लावा.’

अध्यक्षांनी पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदाही लावलं. पेंगणारी माणसं जागी होऊन पुढं सरकली. एकच माणूस एकाच वेळी काचेच्या आत फोनवर ‘आजार नाही’ म्हणतोय आणि बाहेर अंगणात बायकोला पुढं बसायला सांगतोय. सगळ्यांना कळलं. पण वकील हुशार होते. म्हणाले, मागचा आवाज कुणाचाही असू शकतो, शालन नावाच्या बायका काय थोड्या आहेत? पुरावा काय? तीन आठवड्यांनंतरची तारीख पडली.

बाहेर व्हरांड्यात ताई कठड्याला टेकल्या. मी म्हणालो, ‘ताई, मला तुमच्याशी जरा बोलायचंय.’

‘तुमी पाटावर बोटं वाजवली तवाच मला कळलं हुतं,’ त्या म्हणाल्या. ‘ऑफिसात त्या सायबानं ऐकवलं तवा ती टकटक मी ध्यानात ठिवली हुती. आमच्या मेजरचा हात कवा वळवळला न्हाई.’

‘मग बोलला का नाहीत? दुसऱ्या कुणाकडं का गेला नाहीत?’

‘म्हटलं, ज्याचं त्वांड त्यानं उघडावं.’ आणि स्टँडकडं निघून गेल्या.

तीन आठवडे कसे गेले ते मला विचारू नका. सोपं होतं की, गप्प बसायचं. पंचेचाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोला सगळं सांगितलं, वाटलं ती म्हणेल, आता या वयात कशाला झंझट. ती भाजी निवडत होती. म्हणाली, ‘त्या बाईच्या नवऱ्याला तो मेल्यावर तुम्ही खोटं ठरवलंत. आता काय मला विचारताय?’ आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. संपलं.

रोज सकाळी दात घासताना मी मोठ्यानं बोलून बघायचो. स्वतःचं नाव, गाव. कधी कोरेगावचा हेल लागायचा, कधी सांगलीचा. माझा नेमका कुठला, तेच ठरेना. अण्णांचे शब्द आठवायचे आणि मी आरशासमोरून बाजूला व्हायचो.

तारखेला मी प्रतिज्ञापत्र दिलं. रेकॉर्डिंगमधला आवाज माझा, विमा न सांगता जोडणारा मी, आजार लपवणारा मी, मेजरनी सांगितलं होतं आणि मी लिहिलं नाही. वकिलांनी जंग जंग पछाडलं. ‘तुम्ही तक्रारदाराचेच कैवारी, त्यांच्यासाठी खोटं कशावरून बोलत नाही?’ प्रश्न बरोबर होता. माझ्यासारख्याच्या शब्दाला किंमत काय?

अध्यक्ष म्हणाले, ‘तो आवाज आत्ता काढून दाखवता येईल?’

मी उभा राहिलो. डोळे मिटले. आणि ताटातला मोबाईल वाजल्यासारखा तो माणूस माझ्या घशात आला. ‘न्हाई मॅडम. काय आजार न्हाई. तब्येत एकदम खणखणीत.’ शब्द न् शब्द तोच. वर्षं मध्ये गेलीच नव्हती.  पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

‘ठीक आहे,’ अध्यक्ष म्हणाले. ‘आता तुमचं नाव सांगा, नोंदीसाठी.’

मी तोंड उघडलं आणि माझं नाव त्याच आवाजात बाहेर आलं. पाटणच्या हेलात, फौजी ताठ्यात. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तोच. मी खोकलो, पाणी मागितलं, प्यायलो. आपला आवाज कसा काढतात तेच आठवेना. ते काही क्षण होते, पण मला आज वाटतं तेव्हा मी त्या खोलीत नव्हतोच, तिथं मीच बनवलेला एक माणूस उभा होता आणि त्याला परत जायचं नव्हतं. मी मागं वळून शालनताईंकडं पाहिलं. त्या माझ्याकडं बघत होत्या, रागानं नाही, कणवेनंही नाही. नुसत्या वाट बघत होत्या. मग कधीतरी माझं नाव माझ्या तोंडातून निघालं, घोगरं, बारीक, कुणाचाच हेल नसलेलं.

निकाल ताईंच्या बाजूनं लागला. उरलेलं कर्ज कंपन्यांनी आपसात मिटवायचं, गाडी बाईंच्या नावावर मोकळी करायची, नुकसानभरपाई द्यायची, आणि मुख्य म्हणजे ती ओळ मागं घेतल्याचं पत्र द्यायचं. माझ्याविषयी निकालात चार कडक वाक्यं आहेत, ती रास्त आहेत. जुन्या शोरूमची नोटीस आली आहे, तिचं काय व्हायचं ते होईल. केंद्रातल्या मंडळींनी मला काढलं नाही, पण चहा आता पहिल्यासारखा आग्रहानं देत नाहीत. हेही रास्तच आहे. आवाज बदलून घेतलेले असे आणखी किती फोन कुठल्या कपाटात बसून आहेत, तेवढा हिशेब मात्र मला लागत नाही. त्यांतल्या काहींचे मालक आता जिवंत नसतील.

मध्यंतरी शालनताई येऊन गेल्या. घरचा तांदूळ आणला होता, टेबलावर ठेवला. तालमीत फोटो लागला म्हणाल्या. गाडी दीर चालवतो, ताई पुढच्या सीटवर बसून उतारूंचे पैसे घेतात. ‘त्यांनी म्होरं बस म्हटलं हुतं,’ एवढंच म्हणाल्या. मग मोबाईल काढला. निकालानंतर त्यांनी अर्ज करून त्या रेकॉर्डिंगची नक्कल घेतली होती.

‘फोटू चिक्कार हायत,’ त्या म्हणाल्या. ‘पर आवाज ह्यो एवढाच हाय. दुसरीकडं कुठं न्हाई.’

मी म्हणालो, ‘ताई, आमच्या केंद्रात कॉम्प्युटरवाला आहे. सुरुवातीचं सगळं कापून टाकू. माझा आवाज काढून फक्त त्यांचं वाक्य ठेवता येईल.’

त्यांनी जरा विचार केला. ‘नगो. आपल्या नावानं आत कोण बोलतंय ते त्यांना ठावं न्हवतं. मला तरी ठावं असू दे.’ आणि बटण दाबून मोबाईल आमच्या दोघांच्या मध्ये, टेबलावर ठेवला.

मुलीनं नाव विचारलं. मी मेजरचं नाव सांगितलं. ताई मान किंचित कलती करून, रोज ऐकणाऱ्या माणसासारख्या शांत बसल्या होत्या. आजाराचा प्रश्न जवळ आला तशी त्यांनी माझ्या उजव्या हाताकडं नजर वळवली. मी तो हात डाव्या हातानं घट्ट धरला, मांडीवर दाबला. मोबाईलच्या आत टकटक झाली. तब्येत खणखणीत आहे असं मी म्हणालो. घंटा वाजली, नारळ फुटला, आणि मेजर त्यांना म्हणाले, शालन, तू म्होरं बस गं.

‘व्हय,’ ताई हळूच म्हणाल्या.